प्रभार, बल आणि क्षेत्र: कोणाचं, कोणावर, कुठे?

प्रश्न तीन आहेत. कूलॉमचा नियम पाठ असूनही गणितांत चिन्हं आणि दिशा का चुकतात? विद्युत क्षेत्र खरोखर असतं की ती फक्त आकडेमोडीची सोय आहे? आणि घरी बनवलेला विद्युतदर्शी (वस्तूवर प्रभार आहे का ते दाखवणारं साधन) जुलैत का चालत नाही? गणितांपासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

स्थिर विद्युतातल्या बहुतेक चुका सूत्र न आल्यामुळे होत नाहीत. बल आणि क्षेत्र यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. बल म्हटलं की दोन नावं हवीत: कोणामुळे आणि कोणावर. क्षेत्र म्हणजे एखाद्या जागी ठेवलेल्या प्रभारावरचं बल भागिले तो प्रभार. म्हणून क्षेत्र म्हटलं की एक नाव आणि एक जागा हवी: कोणामुळे आणि कुठे. हे कागदावर लिहिल्याशिवाय सूत्राला हात लावू नये.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. +४ मायक्रोकूलॉम आणि −१ मायक्रोकूलॉम (मायक्रोकूलॉम म्हणजे कूलॉमचा दहा लाखावा भाग) असे दोन बिंदूप्रभार हवेत ३० सेंटिमीटर अंतरावर आहेत. कूलॉमचा नियम असा: बल = स्थिरांक × पहिला प्रभार × दुसरा प्रभार ÷ अंतराचा वर्ग. प्रभार कूलॉममध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतलं तर स्थिरांक सुमारे ९०० कोटी येतो. ही एककं परीक्षेत घातक ठरतात, कारण घातांक हाताळताना एक शून्य हमखास इकडचं तिकडे होतं. त्याऐवजी प्रभार मायक्रोकूलॉममध्ये आणि अंतर सेंटिमीटरमध्येच ठेवा. मग बलासाठी स्थिरांक फक्त ९० उरतो आणि उत्तर थेट न्यूटनमध्ये मिळतं. ९० × ४ × १ ÷ ९०० = ०.४ न्यूटन. क्षेत्र = स्थिरांक × प्रभार ÷ अंतराचा वर्ग; त्यासाठी याच एककांत स्थिरांक ९ कोटी आणि उत्तर न्यूटन प्रति कूलॉममध्ये. उत्तरपत्रिकेत मूळ एककं लिहावी लागतातच, पण पडताळा या छोट्या आकड्यांनी दहा सेकंदांत होतो.

आता हे ०.४ न्यूटन कोणावर? दोघांवरही. प्रभार चौपट असला म्हणून त्याच्यावरचं बल चौपट होत नाही, कारण सूत्रात दोन्ही प्रभारांचा गुणाकार आहे आणि तो दोघांसाठी एकच आहे. क्षेत्रं मात्र वेगळी आहेत. +४ मुळे −१ च्या जागी तयार होणारं क्षेत्र ९ कोटी × ४ ÷ ९००, म्हणजे ४ लाख न्यूटन प्रति कूलॉम. −१ मुळे +४ च्या जागी होणारं क्षेत्र १ लाख. पहिल्याला १ मायक्रोकूलॉमने गुणा, दुसऱ्याला ४ मायक्रोकूलॉमने गुणा, दोन्हीकडे ०.४ न्यूटनच येतं. न्यूटनचा तिसरा नियम क्षेत्राच्या भाषेत असा बसतो. ही दोन ओळींची आकडेमोड एकदा स्वतःच्या हाताने करावी, म्हणजे बल आणि क्षेत्र यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.

यात एक गोष्ट गृहीत आहे. +४ वरचं बल काढताना फक्त −१ चं क्षेत्र घेतलं. बिंदूप्रभारावरचं बल काढताना त्याचं स्वतःचं क्षेत्र धरायचं नसतं. तीन-चार प्रभारांच्या गणितात हे विसरलं जातं आणि शून्याने भागायची वेळ येते.

चिन्हांबद्दल माझं मत ठाम आहे: सूत्रात चिन्ह घालूच नये. सूत्रातून फक्त परिमाण काढावं आणि दिशा चित्रावरून ठरवावी. चिन्हही घातलं आणि चित्रही पाहिलं की तीच दिशा दोनदा उलटते आणि आकर्षणाचं प्रतिकर्षण होतं. चित्राचा नियम सोपा आहे. क्षेत्र धनप्रभारापासून बाहेरच्या दिशेने आणि ऋणप्रभाराकडे आतल्या दिशेने असतं. त्या जागी धनप्रभार ठेवला तर त्याच्यावरचं बल क्षेत्राच्या दिशेने, ऋणप्रभार ठेवला तर उलट दिशेने.

याची खरी परीक्षा शून्य क्षेत्राचा बिंदू शोधताना होते. वरच्या उदाहरणात क्षेत्र कुठे शून्य होईल? बरेच विद्यार्थी दोन्ही क्षेत्रांची परिमाणं समान मांडतात आणि दोघांच्या मध्ये, −१ पासून १० सेंटिमीटरवर, असं उत्तर देतात. तिथे परिमाणं खरोखर समान आहेत: ४ ÷ ४०० आणि १ ÷ १००, दोन्ही ०.०१. पण मधल्या जागेत +४ चं क्षेत्र −१ कडे ढकलणारं आहे आणि −१ चं क्षेत्रही −१ कडेच ओढणारं आहे. दोन्ही एकाच दिशेने, म्हणून बेरीज होते: १८ लाख न्यूटन प्रति कूलॉम. बरोबर बिंदू दोघांना जोडणाऱ्या रेषेवर, −१ च्या पलीकडे ३० सेंटिमीटरवर आहे. तिथे +४ चं अंतर ६० आणि −१ चं ३०, म्हणून ४ ÷ ३६०० आणि १ ÷ ९००. परिमाणं समान, दिशा विरुद्ध. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं येतात तेव्हा कुठलं टाकायचं हे समीकरण सांगत नाही, चित्र सांगतं. विरुद्ध चिन्हांचे असमान प्रभार असतील तर शून्यबिंदू नेहमी बाहेर आणि लहान प्रभाराच्या बाजूला. समान चिन्हांचे असतील तर मध्ये, तोही लहान प्रभाराच्या जवळ.

सदिश, म्हणजे दिशा धरून केलेल्या, बेरजेतही हीच चूक दिसते. १० सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या शिरोबिंदूंवर प्रत्येकी १ मायक्रोकूलॉम ठेवले, तर एकेका जोडीतलं बल ०.९ न्यूटन. कुठल्याही एका प्रभारावरचं एकूण बल १.८ न्यूटन नाही. दोन बलांमध्ये ६० अंशांचा कोन आहे, म्हणून ०.९ ला ३ च्या वर्गमुळाने गुणायचं: १.५६ न्यूटन.

पुस्तकी गणितांमुळे किती प्रभार म्हणजे खूप, याची कल्पना साफ बिघडते, म्हणून इथे जरा थांबतो. कोरडी हवा साधारण ३० लाख न्यूटन प्रति कूलॉम इतकं क्षेत्र सहन करते. त्यापुढे ती फुटते, म्हणजे ठिणगी पडते किंवा टोकापाशी प्रभार झिरपू लागतो. (न्यूटन प्रति कूलॉम आणि व्होल्ट प्रति मीटर ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, म्हणून हीच मर्यादा सेंटिमीटरला ३० हजार व्होल्ट अशीही सांगतात.) आता +४ मायक्रोकूलॉम धातूच्या गोळ्यावर ठेवायचे म्हटले तर गोळ्याची त्रिज्या किमान ११ सेंटिमीटर हवी, त्याहून लहान गोळ्याच्या पृष्ठभागावर क्षेत्र या मर्यादेच्या वर जातं. गणितात मात्र तोच प्रभार गोट्यांवर सर्रास बसवलेला असतो. १ कूलॉम साठवायला तर सुमारे ५५ मीटर त्रिज्येचा गोळा लागेल, आणि १ मीटरवरचे असे दोन बिंदूप्रभार एकमेकांना ९०० कोटी न्यूटन बलाने ढकलतील, म्हणजे सुमारे ९ लाख टनांच्या वजनाइतक्या बलाने. घरगुती प्रयोगांतला प्रभार नॅनोकूलॉमपासून मायक्रोकूलॉमच्या अंशापर्यंत असतो.

किती, ते दोन फुग्यांवर मोजता येतं. सारखे दोन फुगे साधारण २५ सेंटिमीटर व्यासाचे फुगवा आणि एकाच खिळ्याला दोन दोऱ्यांनी टांगा. खिळ्यापासून फुग्याच्या मध्यापर्यंत १ मीटर ठेवा. दोरा सुती नको, तो दमट होऊन प्रभार वाहून नेतो. मासेमारीचा तंगूस घ्या. रिकाम्या फुग्याचं वजन साधारण २ ग्रॅम असतं, पण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते नीट कळत नाही, म्हणून दहा फुगे एकत्र तोलून दहाने भागा. आतल्या हवेचं वजन मिळवू नका, कारण तेवढंच उत्प्लावन बाहेरची हवा देते; आतली हवा किंचित दाबलेली असते तेवढाच फरक उरतो. दोन्ही फुगे घोंगडीच्या किंवा लोकरी कापडाच्या तुकड्याने सगळीकडून घासा आणि सोडा. समजा मध्यापासून मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर अंतर पडलं. म्हणजे प्रत्येक फुगा उभ्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाजूला गेला आणि खिळ्याखाली ९८ सेंटिमीटरवर राहिला. बल = वजन × २० ÷ ९८ = ०.०१९६ × ०.२०४ = ०.००४ न्यूटन. आता ०.००४ = ९० × प्रभाराचा वर्ग ÷ १६००, म्हणून प्रभार सुमारे ०.२७ मायक्रोकूलॉम.

या आकड्यावर दोन टिपणं हवीत. पहिलं, फुगा रबराचा आहे, प्रभार त्यावर घासलेल्या जागीच बसून राहतो आणि फुगे अंतराच्या मानाने मोठे आहेत. त्यामुळे हा अंदाज आहे, काटेकोर मापन नाही. दुसरं, एक फुगा जास्त आणि दुसरा कमी घासला तरी वजन सारखं असेल तर दोन्ही सारख्याच कोनात बाजूला जातात. प्रयोगातून मिळतो तो दोन प्रभारांचा गुणाकार. वेगवेगळे प्रभार मिळत नाहीत. ०.४ न्यूटन दोघांवर सारखं का, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. ०.२७ मायक्रोकूलॉम म्हणजे जवळपास १.७ लाख कोटी जादा इलेक्ट्रॉन. तरी त्यांचं एकूण वस्तुमान कुठल्याही काट्याच्या आवाक्याबाहेर आहे, एका ग्रॅमच्या कोट्यंशाच्या कोट्यंशाहूनही बरंच कमी येतं. घासल्याने प्रभार ‘तयार’ होत नाही हे यात धरलेलंच आहे: घोंगडीवर तेवढाच धनप्रभार उरतो.

वर्गव्यस्त नियम, म्हणजे बल अंतराच्या वर्गाने घटतं हा नियम, मुळात कसा मिळाला हेही माहीत असावं. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलॉम यांनी १७८५ मध्ये पीळ-तराजू वापरला: बारीक चांदीच्या तारेला टांगलेली आडवी काडी, तिच्या टोकाला हलका गोळा आणि शेजारी तसाच एक स्थिर गोळा. तारेला पडणारा पीळ बलाच्या प्रमाणात असतो, म्हणून पिळावरून बल कळतं. दोघांना सारखा प्रभार दिल्यावर गोळे ३६ अंश दूर गेले. तारेचं वरचं टोक १२६ अंश पिळल्यावर ते १८ अंशांवर आले, आणि ५६७ अंश पिळल्यावर साडेआठ अंशांवर. एकूण पीळ म्हणजे वरचा पीळ आणि खालचा कोन यांची बेरीज: ३६, १४४ आणि ५७५.५. अंतर निम्मं झाल्यावर पीळ बरोबर चौपट झाला. तिसऱ्या वेळी चौथाई अंतर, म्हणजे ९ अंश, यायला हवं होतं. साडेआठ आलं, कारण दरम्यान थोडा प्रभार गळून गेला होता. आज प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना छळणारी गळती तेव्हाही होतीच. त्याआधी १७७२-७३ च्या सुमारास इंग्लिश शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी वेगळी वाट काढली होती. बल तंतोतंत वर्गव्यस्त असेल तर पोकळ धातूच्या गोळ्यात जोडलेल्या आतल्या गोळ्यावर प्रभार अजिबात उरणार नाही, हे हेरून त्यांनी तो शून्य आहे का एवढंच तपासलं. अंतराचा घातांक २ पासून एक पन्नासांशापेक्षा जास्त ढळू शकत नाही हे त्यातून निघालं. त्यांनी ते छापलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलं. शून्य तपासणं हे मोजण्यापेक्षा सहसा जास्त काटेकोर असतं. म्हणून या नियमाच्या पुढच्या बहुतेक काटेकोर कसोट्या याच धर्तीवर झाल्या.

आता क्षेत्र खरं आहे का. प्रभार हलत नाहीत तोवर क्षेत्राला हिशोबाची सोय म्हटलं तर गणितात काही बिघडत नाही, आणि शंका येते ती त्यामुळेच. प्रभार हलला की प्रश्न सुटतो. इथला एखादा प्रभार हातभर सरकवला, तर चंद्रावरच्या प्रभाराला ते सुमारे १.३ सेकंदांनी कळतं, कारण ही बातमी प्रकाशाच्या वेगाने जाते. त्या मधल्या वेळात चंद्रावरच्या प्रभारावर बल आहे ते इथल्या प्रभाराच्या जुन्या जागेनुसार, जिथे आता तो नाहीच. मग ते बल लावतंय कोण? त्या जागचं क्षेत्र. त्या दरम्यान ऊर्जा आणि संवेगाचा हिशोबही क्षेत्र धरल्याशिवाय जुळत नाही. स्थिर क्षेत्रातही ऊर्जा असते: हवा फुटायच्या मर्यादेवर एका घनमीटरमध्ये सुमारे ४० ज्यूल, म्हणजे एक किलोची पिशवी चार मीटर उचलायला लागते तेवढी. मोबाइलपर्यंत पोचणारी लहर हे टॉवरवरच्या प्रभारांना सोडून निघालेलं क्षेत्रच आहे. तेव्हा क्षेत्र खरं आहे. चित्रातल्या क्षेत्ररेषा मात्र आपण काढलेल्या आहेत आणि त्या प्रभाराच्या प्रवासाचा मार्ग दाखवत नाहीत. रेषा त्या बिंदूवरच्या बलाची दिशा दाखवते. वेग असलेला कण रेषा वाकली की तिच्यावरून घसरून जातो.

क्षेत्राच्या व्याख्येत ते मोजायला ठेवलेल्या प्रभाराला ‘अतिसूक्ष्म’ परीक्षण प्रभार का म्हणतात, याचं कारण बरेचदा सांगितलं जात नाही. मोठा प्रभार आणून ठेवला तर तो जवळच्या धातूंवरचे प्रभार सरकवतो, आणि जे क्षेत्र मोजायचं होतं तेच बदलतं. कूलॉमचा नियम जसाच्या तसा लावता येतो तो बिंदूप्रभारांना किंवा एकसमान प्रभारित गोळ्यांना. जवळजवळ ठेवलेल्या धातूच्या गोळ्यांना नाही, कारण त्यांवरचा प्रभार बाजूला सरकलेला असतो.

हेच सरकणं कागदाच्या कपट्यांना उडवतं. कपटा उदासीन असतो, म्हणजे त्याचा एकूण प्रभार शून्य असतो. घासलेला कंगवा ऋण असेल तर कपट्याच्या जवळच्या बाजूला किंचित धनप्रभार येतो आणि दूरच्या बाजूला तेवढाच ऋण. जवळच्या बाजूवर क्षेत्र जास्त, म्हणून ओढ जिंकते. क्षेत्र सगळीकडे सारखं असतं तर कपटा हललाच नसता. या ओढीचा अंतराशी संबंध वर्गाहून फार तीव्र असतो. एखादा छोटा गोळा बिंदूप्रभाराकडे ओढला जाताना बल अंतराच्या पाचव्या घाताने घटतं. म्हणून कपटे दोन सेंटिमीटरवर झेप घेतात आणि दहावर ढिम्म असतात. यातून निघणारा नियम लक्षात राहिलाच पाहिजे: आकर्षण दिसलं म्हणजे वस्तू प्रभारित आहे असं सिद्ध होत नाही. प्रतिकर्षण ही एकमेव खात्रीची खूण आहे.

शेवटी विद्युतदर्शी. काचेची बरणी, प्लॅस्टिकचं झाकण, सोललेली तांब्याची तार आणि खाली टांगलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन पट्ट्या, ४ सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद. या पट्ट्या म्हणजेच त्याची पानं; प्रभार आला की ती एकमेकांपासून दूर जातात. बहुतेकांची रचना बरोबर असते आणि तरी पानं उघडत नाहीत. पावसाळ्यात ‘हवा प्रभार वाहून नेते’ असं कारण दिलं जातं, ते चूक आहे. दमट हवासुद्धा बऱ्यापैकी रोधक असते. घात करतो तो झाकणावर, काचेवर आणि घासायच्या प्लॅस्टिकच्या पाइपवर बसलेला पाण्याचा न दिसणारा थर. मुंबई-रत्नागिरीकडे जुलैत सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बोटांचा घाम आणि तेल त्यात भर घालतात. प्रभार तारेवरून झाकणावर, झाकणावरून काचेवर आणि तिथून टेबलात जातो.

म्हणून तार झाकणातून थेट नेऊ नका. थर्माकोलचा जाड तुकडा किंवा मेणबत्तीच्या मेणाचा बूच मध्ये घाला. मेणावर पाणी पसरत नाही. हा भाग स्पिरिटने पुसा आणि नंतर बोट लावू नका. बरणी, पाइप आणि लोकर केस वाळवायच्या यंत्राने दोन-तीन मिनिटं गरम करा आणि लगेच प्रयोग करा. बरणीच्या तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर आतला भाग कोरडा राहतो. पट्ट्यांचे कोपरे आणि तारेचं वरचं टोक टोकदार ठेवू नका, कारण टोकापाशी क्षेत्र एकवटतं आणि प्रभार हवेत झिरपतो. वरच्या टोकाला फॉइलचा गुळगुळीत गोळा दाबून बसवा. पट्ट्या वर चिकटपट्टीने चिकटवल्या तर डिंकाच्या थरामुळे तारेशी धातूचा स्पर्शच होत नाही. पट्टीला भोक पाडून ती तारेच्या आकड्यात सैल अडकवा. घासायला वायरिंगचा पीव्हीसी पाइप आणि लोकर ही जोडी सगळ्यात भरवशाची, पाइपवर ऋणप्रभार येतो. डोक्यावर घासायचं असेल तर केसांना खोबरेल तेल नको.

प्रवर्तनाने, म्हणजे प्रभारित वस्तू न टेकवता, प्रभार देताना क्रम चुकला की सगळं फुकट जातं. घासलेला पाइप गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पानं उघडतील. पाइप तसाच धरून दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावा, पानं मिटतील. आधी बोट काढा, मग पाइप दूर न्या. पानं पुन्हा उघडतील आणि आता त्यांवर धनप्रभार असेल. पाइप आधी काढला तर बोटातून सगळं पूर्ववत होतं आणि हाती काहीच राहत नाही. चिन्ह तपासायला तोच पाइप हळूहळू जवळ आणा. पानं आधी जरा मिटायला हवीत. फार जवळ आणला तर ती पूर्ण मिटून पुन्हा उघडतात. घाईने पाइप जवळ नेणाऱ्याला फक्त हे शेवटचं उघडणं दिसतं आणि तो उलट चिन्ह लिहून मोकळा होतो.